महासंगणकाचा प्लंबर

कीबोर्डवर चहाचा कप लवंडला की घरात धावपळ उडते. पाणी आणि वीज यांचे वैर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही काही हौशी मंडळी टेबलावरचा संगणक स्वतःच्या हाताने जुळवतात आणि त्यात मुद्दाम पाणी खेळवतात. काचेची पेटी, पारदर्शक नळ्या, छोटासा पंप, प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा आणि पेटीच्या कडेला मोटारीला असतो तसा रेडिएटर. पाणी ठोकळ्यातून उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये पंख्याच्या वाऱ्याला देऊन टाकते आणि पुन्हा ठोकळ्याकडे वळते. लिटरभर पाणी एका अंशाने तापवायला लिटरभर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते. या साऱ्या खटाटोपामागचे भौतिकशास्त्र एवढेच.

आपल्या शरीरातली व्यवस्था याहून फार वेगळी नाही. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण करत असतो. ती रक्त उचलते, हृदय ढकलते आणि त्वचा बाहेर टाकते. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरते. कडक उन्हात ते सात-आठ लिटरपर्यंत वाढू शकते. हा फेरा तोकडा पडला आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, की सर्वांत आधी मेंदू गोंधळतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, मग शुद्ध हरपते. त्यालाच आपण उष्माघात म्हणतो. संगणकाचेही तसेच आहे. तापलेला प्रोसेसर आधी चुकतो, मग मंदावतो, मग बंद पडतो.

ही गोष्ट ज्यांनी इतर कोणाहीपेक्षा अधिक मनावर घेतली, ते सेमूर क्रे. संगणकात द्रव फिरवण्याची कल्पना एकट्या त्यांची नव्हती; आयबीएमच्या मोठ्या यंत्रांतही १९६०च्या दशकात पाणी फिरत होते. पण थंडावा हा संगणकाच्या रचनेचा पाया मानून यंत्रामागून यंत्र उभारणारा माणूस म्हणजे क्रे. त्यांच्या यंत्रांकडे पाहून लोक त्यांना थट्टेने प्लंबर म्हणत.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात चिप्पेवा फॉल्स या छोट्या गावी झाला. वडील सिव्हिल इंजिनियर. मुलाचा ओढा ओळखून त्यांनी घराचे तळघर त्याच्या हवाली केले. दहाव्या वर्षी सेमूरने खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या जोडून कागदी फितीवरच्या छिद्रांचे मोर्स संकेतांत रूपांतर करणारे यंत्र बनवले. १९४३मध्ये शाळा संपली आणि लगेच सैन्याचे बोलावणे आले. रेडिओ विभागात त्यांनी आधी युरोपात आणि नंतर फिलिपिन्समध्ये काम केले; तिथे जपानी संदेशांची उकल करण्याचे काम चालत असे. परतल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून १९४९मध्ये विद्युत अभियांत्रिकीची आणि १९५१मध्ये उपयोजित गणिताची पदवी घेतली.

मग नोकरी मिळाली ती सेंट पॉल शहरात. ग्लायडर विमाने बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात एक कंपनी नौदलासाठी गणकयंत्रे तयार करत असे. त्या काळी संगणकशास्त्र नावाचा अभ्यासक्रमच नव्हता, त्यामुळे विशीतल्या मुलालाही थेट नव्या यंत्राची जबाबदारी मिळे. पुढे ती कंपनी विकली गेली, नव्या मालकांबरोबर कागदी घोडे आले. १९५७मध्ये विल्यम नॉरिस आणि इतर काही जण बाहेर पडले आणि त्यांनी कंट्रोल डेटा ही कंपनी काढली. क्रेही थोड्याच दिवसांत तिथे पोहोचले. निर्वात नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टर वापरणारे त्यांचे १६०४ हे यंत्र १९६०मध्ये ग्राहकांकडे गेले, आणि कंपनीला बाजारात नाव मिळाले.

नाव मिळाले तशा बैठकाही वाढल्या. क्रे यांना त्या सोसेनात. १९६२मध्ये त्यांनी कंपनीला गळ घातली आणि स्वतःच्या गावी, नदीकाठच्या स्वतःच्याच जमिनीवर प्रयोगशाळा बांधून घेतली. मुख्य कार्यालयातले साहेब लोक बोलावल्याशिवाय तिथे फिरकत नसत. तिथे जुळलेले ६६०० हे यंत्र १९६४मध्ये बाहेर आले, आणि पहिला महासंगणक म्हणून इतिहासात गेले. त्या वेळच्या सर्वांत वेगवान यंत्राच्या सुमारे तिप्पट वेग त्याला होता. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपल्या माणसांना खरमरीत पत्र लिहून विचारले, की झाडूवाल्यासकट अवघ्या ३४ जणांचा चमू आपल्या एवढ्या मोठ्या कंपनीला मागे कसा टाकतो? क्रे यांच्या मते उत्तर त्या प्रश्नातच दडले होते.

या यंत्राचे मर्म समजण्यासाठी एक आकडा ध्यानात ठेवावा लागतो. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो. तारेतला विजेचा संकेत त्याहूनही कमी. म्हणजे संगणक वेगवान करायचा तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड हव्यात तर सुटे भाग दाटीवाटीने बसवायला हवेत. आणि दाटी झाली की उष्णता कोंडते, जशी गर्दीच्या लोकलच्या डब्यात कोंडते. क्रे यांनी ६६००मध्ये सुमारे ४ लाख ट्रान्झिस्टर दोन-दोन पट्ट्यांमध्ये लाकडाच्या मोळीसारखे रचले. त्या रचनेत पंख्याचा वारा शिरणे शक्य नव्हते. तेव्हा डीन राऊश या मेकॅनिकल इंजिनियरने फ्रीजमध्ये वापरतात तो फ्रिऑन वायू नळ्यांतून यंत्राच्या अंगात फिरवला. अधिकच्या चिन्हासारख्या दिसणाऱ्या त्या कपाटाच्या चारही हातांच्या टोकाला शीतकरणाची यंत्रणा होती. हा राऊश क्रे यांच्याबरोबर पुढेही राहिला. महासंगणकाच्या इतिहासात त्याचे नाव कमी वाचायला मिळते, हे काही बरोबर नाही.

१९६९मध्ये ७६०० आले, तेही गाजले. त्यापुढचे ८६०० मात्र उभेच राहिले नाही. त्यात भाग इतके दाट रचले होते, आणि झाळलेले सांधे इतके झाले होते, की यंत्र धड चालेना. एक सांधा दुरुस्त करावा तर दुसरा निखळे. कंपनीकडे पैशाची चणचण होती. १९७२मध्ये क्रे बाहेर पडले आणि त्यांनी क्रे रिसर्च ही कंपनी काढली. भांडण झाले नाही. नॉरिस यांच्या कंपनीने नव्या कंपनीत थोडे पैसेही गुंतवले.

अपयश आले की क्रे जुने रेटत बसत नसत. कोरा कागद घेऊन ते पहिल्यापासून सुरुवात करत. त्यांचे डिझाइन चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने उतरे. दिवसा लोकांत, रात्री एकट्याने, असा त्यांचा कामाचा क्रम असे. घरच्यांना याची झळ लागली, पहिला संसार मोडला, हेही त्यांच्या आयुष्याच्या हिशेबात धरले पाहिजे. घराखाली भुयार खणणे हा त्यांचा छंद होता. काम अडले की ते फावडे घेऊन खाली जात. खणताना बुटके वनदेव येऊन उत्तर सांगून जातात, असे ते पाहुण्यांना गमतीने सांगत. वैद्यकीय दृष्टीने यात नवल काही नाही. अंगमेहनतीचे, हातांना सवयीचे झालेले काम करताना मन मोकळे सुटते आणि अडलेला प्रश्न नव्या बाजूने दिसतो, हा अनुभव विहीर खणणाऱ्यापासून कवीपर्यंत सर्वांना असतो. क्रे यांच्याकडे जागा होती, एवढेच.

१९७६मध्ये क्रे-१ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचले. इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले उभे कपाट, आणि भोवती गादीचे बाक. ते बाक शोभेसाठी होते असे अनेकांना वाटे. प्रत्यक्षात त्यांच्याखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडलेली होती. कपाट वळवले ते आतल्या तारा आखूड राहाव्यात म्हणून. एकही तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती. त्या तारा गावातल्या स्त्रियांनी हाताने जोडल्या होत्या. साडेपाच टनांचे हे यंत्र सुमारे ११५ किलोवॅट वीज खाई. ती वीज शेवटी उष्णताच होणार. म्हणजे शंभर-सव्वाशे इस्त्र्या एका कपाटात एकदम चालू ठेवण्यासारखे.

इथे क्रे यांच्या माणसांनी शीतकरणाच्या रचनेवर जेवढे कष्ट घेतले तेवढेच बाकीच्या सगळ्या यांत्रिक रचनेवर मिळून घेतले. दोन सर्किट बोर्डांच्या मध्ये तांब्याचा पत्रा, पत्र्याच्या कडा ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्यांत घट्ट बसवलेल्या आणि दांड्यांच्या पोटात फ्रिऑनच्या पोलादी नळ्या. उष्णता चिपमधून पत्र्यात, पत्र्यातून दांडीत, दांडीतून फ्रिऑनमध्ये. कागदावर हे सोपे होते. पण कॉम्प्रेसरसाठी फ्रिऑनमध्ये मिसळलेले तेल सांध्यांतून पाझरू लागले, बोर्डांवर त्याचा थर बसला आणि शॉर्टसर्किट होऊ लागले. सहा महिने यात गेले. अखेर नळ्यांचे सांधे जोडण्याची नवी पद्धत बसवावी लागली. गळती ही द्रवाने थंड होणाऱ्या प्रत्येक यंत्राची जुनी व्याधी आहे. आज घरी पाण्याचा संगणक जुळवणारा तरुण यंत्राला वीज देण्याआधी नुसता पंप काही तास चालवून सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवतो, तो याच भीतीने. तोच तरुण तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडण्याची चूक करतो, तेव्हा ॲल्युमिनियम हळूहळू गंजून झिजते. आणि जाता जाता पालकांसाठी एक सूचना: नळ्यांतल्या काही रंगीत द्रवांत एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर लागते, लहान मुलाच्या पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते. बाटलीवरचे लेबल वाचावे आणि ती कपाटात कुलपात ठेवावी. चुकून पोटात गेलेच तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता मुलाला आणि बाटलीला घेऊन रुग्णालय गाठावे.

क्रे-१ ऐंशीहून अधिक विकली गेली. अणुस्फोटांच्या गणितापासून हवामानाच्या अंदाजापर्यंत ती राबली. युरोपातल्या देशांनी मिळून उभारलेल्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने १९७०च्या दशकाच्या अखेरीला याच यंत्रावर आपले काम सुरू केले. क्रे श्रीमंत झाले, प्रसिद्ध झाले. दोन्ही गोष्टींत त्यांना रस नव्हता. मुलाखती ते टाळत. १९८१मध्ये त्यांनी स्वतःच्याच कंपनीचे अध्यक्षपद सोडले, आणि स्वतंत्र कंत्राटदार म्हणून कंपनीसाठी पुढचे यंत्र करायला बसले.

ते क्रे-२. यात त्यांनी बोर्ड आडवे-उभे न लावता आठ-आठ बोर्डांची चळत केली. त्या चळतीत तांब्याचा पत्राही घालता येईना. मग त्यांनी साऱ्या सर्किटलाच आंघोळ घातली. फ्लोरिनर्ट नावाचा, रंग नसलेला, वास नसलेला, पाण्याच्या पावणेदोन पट जड आणि विजेचा वाहक नसलेला द्रव भरलेल्या टाकीत संपूर्ण यंत्र बुडवले. द्रव सेकंदाला जेमतेम एक इंच या संथ गतीने बोर्डांमधून सरके, बाहेर येऊन थंड पाण्याच्या नळ्यांना उष्णता देई आणि परत आत जाई. शेजारी पारदर्शक स्तंभांत तो द्रव धबधब्यासारखा पडताना दिसे. दुरुस्ती करायची तर आधी टाकी रिकामी करावी लागे. क्रे-२चे मुख्य कपाट जेमतेम छातीपर्यंत उंच होते. १९८५मध्ये ते लिव्हरमोर इथल्या अणुसंमीलनाच्या संगणक केंद्रात सुरू झाले, तेव्हा जगात त्याला तोड नव्हती.

या द्रवाचे वैद्यकाशी जुने नाते आहे. तो परफ्लुरोकार्बन या कुळातला. या कुळातले द्रव ऑक्सिजन भरपूर विरघळवून घेतात. १९६६मध्ये लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी ऑक्सिजनने भरलेल्या अशा द्रवात उंदीर पूर्ण बुडवले, आणि ते द्रवातच श्वास घेत जिवंत राहिले. तिथून कृत्रिम रक्ताची आशा जागी झाली. जपानमध्ये तयार झालेल्या फ्लुओसोल या द्रवाला अमेरिकेत १९८९मध्ये हृदयाच्या अँजिओप्लास्टीपुरती परवानगी मिळाली. वापर अवघड ठरल्याने काही वर्षांतच ते मागे पडले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत मात्र या कुळाने आपली जागा पक्की केली. सुटलेला पडदा परत जागेवर बसवताना सर्जन असाच जड द्रव डोळ्यात सोडतो, त्याच्या वजनाने पडदा सपाट होतो, मग द्रव काढून घेतात. या गुणांची दुसरी बाजू म्हणजे ही रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, वातावरणात गेली तर हजारो वर्षे उष्णता धरून ठेवतात. फ्लोरिनर्ट बनवणाऱ्या थ्री-एम कंपनीने २०२२च्या डिसेंबरमध्ये अशा रसायनांचे उत्पादनच थांबवण्याचे जाहीर केले.

क्रे यांच्या कंपनीचे एक यंत्र भारतातही आले. मोसमी पावसाच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी हा महासंगणक १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत बसवला गेला. हे यंत्र क्रे यांचे स्वतःचे नव्हे, त्यांच्या कंपनीतल्या स्टीव्ह चेन यांचे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हव्या असलेल्या अधिक शक्तिशाली यंत्राला अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ‘परम’ची वाट क्रे यांच्या वाटेच्या उलट होती: अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपायचे. क्रे यांना हा मार्ग पटत नसे. शेत नांगरायला दोन दणकट बैल बरे की हजारभर कोंबड्या, असा त्यांचा सवाल असे.

काळाने कौल कोंबड्यांच्या बाजूने दिला. क्रे यांनी १९८९मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे वेगळी कंपनी काढून क्रे-३ हाती घेतले होते. सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइड या अवघड पदार्थाच्या चिप, त्याही द्रवात बुडवलेल्या. तोवर शीतयुद्ध संपले, सरकारी प्रयोगशाळांचे पैसे आटले आणि लिव्हरमोरने मागणी रद्द केली. १९९३मध्ये एकच यंत्र हवामान संशोधन केंद्राला चाचणीसाठी दिले गेले, विकले एकही गेले नाही. १९९५च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळे काढले. क्रे सत्तरीला टेकले होते. दुसरा कोणी असता तर बर्फावर घसरणे आणि शिडाच्या फळीवर तरंगणे हे आपले आवडते खेळ खेळत बसला असता. क्रे यांनी १९९६च्या ऑगस्टमध्ये आणखी एक कंपनी काढली, आणि या वेळी अनेक प्रोसेसर एकत्र जुंपण्याचाच विचार सुरू केला.

तो पुरा झाला नाही. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या महामार्गावर एका चालकाने क्रे यांच्या जीपला मागे टाकण्याच्या नादात तिसऱ्या मोटारीला धडक दिली. ती मोटार जीपवर आदळली आणि जीप तीन वेळा उलटली. क्रे यांच्या डोक्याला आणि मानेला जबर मार बसला. रुग्णालयातच त्यांना ७१वे वर्ष पुरे झाले. ५ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

डोक्याला मार बसल्यावर पहिला आघात काही क्षणांत होऊन जातो. त्यापुढचे दिवस डॉक्टर दुसऱ्या आघाताशी झुंजत असतात. कवटी बंद, आत सुजणारा मेंदू, वाढणारा दाब, तुटणारा रक्तपुरवठा. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू शरीराची २० टक्के ऊर्जा वापरतो, त्यामुळे अशा वेळी साधा तापही त्याला महाग पडतो. योगायोग असा, की त्याच वर्षांत अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत जखमी मेंदू मुद्दाम ३३ अंशांपर्यंत थंड करून पाहण्याची मोठी चाचणी चालू होती. ३९२ रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २००१मध्ये आला. थंड केल्याने फायदा झाला नव्हता. जन्मताना गुदमरलेल्या बाळांच्या बाबतीत मात्र हीच युक्ती पुढे उपयोगी ठरली, आणि आज ती नवजात शिशू विभागांत वापरली जाते.

क्रे हे नाव यंत्रांवर राहिले. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे २०२२मध्ये सुरू झालेला ‘फ्रंटियर’ हा त्याच नावाच्या घराण्यातला. त्यात ३७ हजारांहून अधिक ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. त्यांना थंड ठेवायला मिनिटाला २२ हजार लिटरहून अधिक पाणी फिरते, आणि ते आधी गार करून घ्यावे लागत नाही.